पाळणा रिकामा राहिलेल्या घराची शुश्रूषा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे, तो पुष्कळांस प्रथमदर्शनी विजोड वाटण्याचा संभव आहे. उत्सवाच्या मांडवात शोकाची गोष्ट काढू नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही. तथापि अशा स्मरणिकेत धर्मग्रामाची आकडेवारी देण्याचा जो प्रघात आहे, म्हणजे किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती जणांस मूठमाती दिली, ती वाचताना आमच्या मनात प्रत्येक वेळी एक विचार येतो. काही बालके ह्यांपैकी कोणत्याच वहीत नाहीत. ती उदरात असतानाच गेली, किंवा जन्मली त्या घटकेस त्यांच्यात श्वास नव्हता. वहीत त्यांचे नाव नाही, मातीवर क्रूस नाही, आणि घरातही त्यांचा उल्लेख कोणी करीत नाही. त्यांच्या माता मात्र ह्याच देवळात, ह्याच बाकांवर, दर रविवारी आपल्या शेजारी गुडघे टेकतात. आम्ही प्रसूतिगृहात शुश्रूषा करणारे असल्यामुळे त्यांपैकी पुष्कळींस ओळखतो. म्हणून हा विषय.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. पोटातील जीव बाहेर जगू शकेल इतका वाढण्यापूर्वीच आपोआप गेला, तर वैद्यकात त्यास गर्भपात म्हणतात. हा शब्द कानी पडताच लोकांस हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याची शंका येते, आणि निरपराध बाईवर नको तो संशय बसतो. म्हणून येथे आम्ही साध्या बोलीत 'गर्भ पडणे' असेच म्हणू. पुढे, दिवस भरत आले असता बालक मृत जन्मले, तर तो मृतजन्म. देशादेशांची तुलना करताना जागतिक आरोग्य संघटना ह्यासाठी २८ आठवड्यांची रेषा धरते. आणि जिवंत जन्मलेले बालक पहिल्या २८ दिवसांत दगावले, तर तो नवजात मृत्यू. ह्या सर्व रेषा दप्तराच्या सोयीच्या होत. तिसऱ्या महिन्यात गर्भ गेलेली बाई आठव्या महिन्यातील बाईपेक्षा कमी रडते असा नियम आम्हांस तरी आढळलेला नाही.

हे दुःख विरळा आहे असे कोणी समजू नये. आपणांस दिवस गेले आहेत हे ज्या बायांस कळलेले असते, त्यांतील शंभरांमागे १० ते १५ जणींचा गर्भ पडतो. २०२१ साली जगात सुमारे १९ लाख बालके मृत जन्मली, आणि त्यांपैकी शंभरांतील ४० हून अधिक कळा सुरू होईपर्यंत जिवंत होती, म्हणजे वेळेवर कुशल हात लाभते तर त्यांतील पुष्कळ वाचती. २०२२ साली आणखी सुमारे २३ लाख बालके जन्मानंतर महिन्याच्या आत गेली. आपल्या देशाचा ह्या संख्येत मोठा वाटा आहे. तेव्हा ह्या सभेत ज्यांच्या घरास ह्याची झळ लागलेली नाही, अशी कुटुंबे फार थोडी निघतील.

आता पूर्वी ह्याची व्यवस्था कशी होत असे ते पाहा. रीत अशी की, बालक मृत जन्मताच ते कापडात गुंडाळून मागल्या दाराने न्यावे, आईला गुंगीचे औषध द्यावे, आणि जाग आल्यावर तिला 'आता विसर' असे सांगावे. तिने तोंड पाहू नये, म्हणजे माया जडणार नाही. बाप आणि आजा दोघे मिळून कोठेतरी पुरून येत. कोठे, ते आईला कधी कळत नसे. ही रीत केवळ आपल्या खेड्यांची नव्हे. लंडन आणि न्यूयॉर्क येथील मोठमोठ्या इस्पितळांतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच होती. ती क्रूरपणामुळे पडली होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्याने त्याने बाईला दुःखापासून वाचविण्याच्याच हेतूने हे केले. परंतु जे पाहिले नाही त्याचा शोक कसा करावा हा प्रश्न कोणासही सुचला नाही.

तो प्रथम ज्यांस सुचला त्यांचा थोडका इतिहास सांगण्याजोगा आहे. १९६८ साली स्टॅनफर्ड बोर्न ह्या इंग्रज मनोवैद्याने घरोघरच्या डॉक्टरांस त्यांच्या मृतजन्म झालेल्या रुग्णांविषयी विचारले. उत्तरांवरून दिसले ते असे की, डॉक्टरांस त्या बायांविषयी जवळजवळ काहीच आठवत नव्हते. जणू त्यांचे डोळे त्या दिशेस वळतच नव्हते. १९७० साली अमेरिकेत केनेल आणि क्लाउस ह्या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यासह नवजात बालक गमावलेल्या मातांशी सावकाश बोलून दाखविले की, बालक एक तास जगले काय किंवा बारा दिवस जगले काय, प्रत्येक मातेने शोक केलाच होता. १९७६ साली लंडनच्या इमॅन्युएल लुइस ह्यांनी आग्रह धरला की, आईबापांस बालक पाहू द्यावे, त्याचे नाव ठेवू द्यावे, त्याची मूठमाती त्यांच्या देखत व्हावी.

आणि ह्यानंतरची गोष्ट आपणां कॅथॉलिक लोकांस विशेष अभिमानाची आहे. १९७७ साली अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात, स्प्रिंगफील्ड येथील सेंट जॉन्स इस्पितळात, फ्रान्सिसच्या संघातील सिस्टर जेन मेरी लॅम ह्यांनी अशा आईबापांची एक मंडळी जमविण्यास प्रारंभ केला. तिचे नाव 'शेअर', म्हणजे वाटून घेणे. पुढील वर्षी, १९७८ साली, इंग्लंडात 'सॅन्ड्स' ही संस्था निघाली. १९८१ साली अमेरिकेतील ला क्रॉस ह्या गावच्या इस्पितळात परिचारिकांस ह्या कामाचे रीतसर शिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. आयर्लंडाने २०१६ साली अशा शुश्रूषेची राष्ट्रीय मानके ठरविली. एका धर्मभगिनीने खुर्च्या मांडून चार दुःखी कुटुंबांस बसविले, तेथून आज जगभर पसरलेल्या ह्या विद्येस बळ आले हे आम्ही विसरत नाही.

ती विद्या म्हणजे काय? बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, परिचारिका गोड बोलते एवढेच. तसे नव्हे. तिच्यात पायऱ्या आहेत, आणि पहिलीच पायरी अतिशय कठीण आहे: बातमी सांगणे. सोनोग्राफी करणाऱ्यास पडद्यावर हृदयाचे ठोके दिसत नाहीत. तो गप्प होतो, यंत्राचे तोंड फिरवितो, 'डॉक्टरांस बोलावतो' म्हणून बाहेर जातो. आणि बाई तेथे एकटी, पोटावर थंडगार लेप तसाच. हा अर्धा तास बायांस जन्मभर आठवतो. म्हणून नियम असा की, तिला एकटे सोडू नये. दुसऱ्या जाणकाराकडून लगेच खात्री करून घ्यावी. नवऱ्यास किंवा आईस जवळ आणावे. सांगणाऱ्याने उभे न राहता बसावे. आणि शब्द स्पष्ट असावेत. 'ठोके मिळत नाहीत', 'जरा अडचण आहे' अशी भाषा ऐकून बाई अजून आशा धरते. 'तुमचे बाळ वारले आहे, आम्हांस फार वाईट वाटते' हे वाक्य कठोर वाटले तरी तेच दयेचे आहे. ते बोलून झाल्यावर गप्प बसावे. आमच्यातील नव्या मुलींस हे गप्प बसणे शिकावयास सर्वांत जास्त दिवस लागतात.

पुढे प्रसूती. बालक पोटातच वारले असले तरी पुष्कळदा आईला कळा आणवून नेहमीप्रमाणेच बाळंत करावे लागते, आणि हे ऐकून घरची माणसे हादरतात: 'पोट फाडून लगेच काढा ना!' परंतु शस्त्रक्रियेची जखम पुढच्या बाळंतपणांस जड जाते, म्हणून कारणावाचून ती करीत नाहीत. कळांवरचे वेदनाशामक औषध मात्र हात राखून देण्याचे कारण नाही. प्रसूतीनंतर अशा बाईस इतर बाळंतिणींच्या खाटांत ठेवू नये, कारण शेजारच्या पाळण्यातील रडणे तिला भाल्यासारखे लागते. परदेशी काही इस्पितळांत तिच्या दारावर एका पानाचे आणि त्यावरील थेंबाचे लहानसे चित्र लावतात. ते पाहून अन्न आणणारा, झाडणारी, रक्त घ्यावयास आलेला मुलगा, सगळेच समजतात आणि 'काय झाले, मुलगा की मुलगी?' असे हसत विचारीत नाहीत. चित्राचा खर्च दोन पैशांचा. आमच्या मते प्रत्येक प्रसूतिगृहाने ते लावावे.

आता बालक पाहण्याविषयी. ह्या बाबतीत विद्वानांत काही काळ वाद झाला, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका मोठ्या चौकशीत असे आढळले की, ज्या मातांस बालकाजवळ हवा तितका वेळ राहता आले नाही, किंवा ज्यांच्याजवळ त्याची काहीच खूण उरली नाही, त्यांस पुढे वर्षानुवर्षे चिंतेचा त्रास अधिक झाला. उलट २००२ साली इंग्लंडात ६५ मातांच्या अभ्यासावरून असे निघाले की, ज्यांनी बालक हाती घेतले त्यांस पुढील गर्भारपणात अधिक खिन्नता आली. मग करावे काय? आज सर्वत्र मान्य झालेली रीत अशी: आग्रह करू नये, आणि नाकारूही नये. बाळ कसे दिसते ते आधी शब्दांनी सांगावे, की कातडी नाजूक झाली आहे, ओठ काळसर आहेत, केस दाट आहेत, मग विचारावे, 'आता नको' म्हटले तर काही तासांनी पुन्हा विचारावे, कारण मन पालटते. आमचा अनुभव असा की, ज्यांनी पाहिले त्यांनी नेहमी काहीतरी सुंदरच सांगितले. नाक बापाचे, बोटे लांब. मनाने रंगविलेले चित्र प्रत्यक्षापेक्षा पुष्कळदा भयंकर असते.

बालकास आंघोळ घालावी, अंगडे घालावे, नावाने हाक मारावी. पायाच्या ठशाचा कागद, एक बट, मनगटावरची पट्टी, एखादे छायाचित्र, हे सारे एका लहानशा पेटीत ठेवून आईबापांस द्यावे. ती घेण्यास ते तयार नसतील, तर इस्पितळाने जपून ठेवावी. काही जण दोन-तीन वर्षांनी विचारावयास येतात, तेव्हा ती हाती देता आली पाहिजे. आपल्या हवेत देह लवकर बिघडतो, तेव्हा थंड पाळणा नसेल तेथे बर्फाच्या पिशव्यांवर कापडाची जाड घडी घालून बालकास निजवितात. तेवढ्याने एक रात्र मिळते, आणि गावाहून आजी येऊन पोहोचते.

ह्यापुढची गोष्ट बोलण्यास काहींस संकोच वाटेल, पण ती आम्ही टाळणार नाही. पान्हा. प्रसूतीनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध येते. त्यास बालक आहे की नाही हे ठाऊक नसते. पाचव्या महिन्यात गर्भ गेलेल्या बाईसही ते येऊ शकते, आणि तिला कोणी आधी सांगितलेले नसल्यामुळे ती रात्री ओल्या चोळीनिशी उठून बसते. आमच्या हातून सर्वांत उपयोगी काम जर कोणते होत असेल, तर ते हे आधी सांगण्याचे. घट्ट पट्टा आवळून बांधण्याची जुनी रीत सोडावी, त्याने गाठी होतात आणि ताप येतो. अंगाबरोबर बसणारी चोळी घालावी, थंड घड्या ठेवाव्या, फारच ठणका लागला तर सुटका होईल इतकेच दूध काढावे, अधिक नाही. दक्षिणेकडे मोगऱ्याची फुले बांधण्याची चाल आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिचा गुण दिसून आला होता. दूध आटविण्याची गोळीही आहे, परंतु रक्तदाब चढलेल्या बाळंतिणीस ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणी घेऊ नये.

काही मातांस मात्र ते दूध वाया जाऊ नये असे वाटते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी उघडली. आशिया खंडातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बालकांस अशा पेढीतील दूध तपासून आणि तापवून देतात. बालक गमावलेल्या मातेचे दानही काही ठिकाणी घेतात. हे तिला कोणी सुचवावे की नाही? आम्ही म्हणतो, एकदा हळूच सांगावे आणि विषय सोडून द्यावा. दानाचा उपदेश अशा वेळी करणे म्हणजे जखमेवर वर्गणी मागण्यासारखे आहे.

आणि घरी आल्यावर? भगिनींनो, आपल्या घरांत बाळंतिणीचे केवढे लाड होतात! शेक, मालिश, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विश्रांती. आणि जिचे बालक गेले तिला आठव्या दिवशी विहिरीवर पाहिलेले आहे. 'मूल नाही तर बाळंतपण कसले?' हा प्रश्न आम्ही कानांनी ऐकला आहे. तिचेही रक्त गेले आहे, तिचीही हाडे सैल झाली आहेत. वर झोप नाही. बाळंतपण मुलाचे नसते, आईचे असते. कायद्यास हे आपल्या आधी समजले. १९६१ च्या मातृत्वलाभाच्या कायद्याने गर्भ पडलेल्या नोकरदार स्त्रीस सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती तशीच ठेवलेली आहे. पुष्कळ नोकरदार बाया हे न जाणता चौथ्या दिवशी आगगाडीत बसतात.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातही 'जन्म' ह्या शब्दाच्या व्याख्येत मृतजन्म धरलेला आहे, आणि त्याची वर्दी २१ दिवसांत द्यावयाची असते. सरकारी वहीत ज्या बालकास जागा आहे, त्यास आपल्या आठवणीत असू नये हे चमत्कारिक आहे.

बापाविषयी लोक विचारीतच नाहीत. तो कागदांवर सह्या करतो, औषधे आणतो, गाडी ठरवितो, पेटीची सोय करतो. सगळे त्यास म्हणतात, 'तिला सांभाळ.' त्याला कोणी सांभाळत नाही. तो रडत नाही म्हणून बाईस वाटते की त्याला काही नाही; ती रोज रडते म्हणून त्यास वाटते की आपण बोललो तर ती आणखी रडेल. अशी दोन माणसे एकाच छपराखाली मुकी होतात. आमच्या शिक्षणात आता हे शिकवितात की, प्रत्येक प्रश्न दोघांस विचारावा. घरातील मोठ्या मुलांसही 'बाळ झोपले' किंवा 'देवाने नेले' असे सांगू नये. पहिल्याने मूल झोपावयास भिते, दुसऱ्याने देवास. 'बाळ फार आजारी होते आणि मरण पावले' एवढे त्यांस पुरते.

ह्यानंतर दोषाचा प्रश्न. प्रत्येक आई विचारते, माझे काय चुकले? आणि दुर्दैवाने उत्तर देणारे शेजारीपाजारी तयारच असतात: ग्रहणात बाहेर पडली, पपई खाल्ली, जड उचलले, कोणाची दृष्ट लागली. सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निदान निम्म्यांत बीजाच्या प्रथम जुळणीतच बिघाड असतो. तो कोणाच्या वागण्याने होत नाही आणि कोणाच्या जपण्याने टळत नाही. पुढील महिन्यांत कारणे निराळी: वारेचे काम मंदावणे, चढलेला रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग, जन्मजात व्यंग, लांबलेल्या कळा. म्हणून वार तपासावयास पाठवावी, आणि आईबापांची संमती असेल तर बालकाची उत्तरीय तपासणी करावी. ख्रिस्तसभेची तीस हरकत नाही. कारण नेहमीच सापडते असे नाही. परंतु सापडले तर पुढच्या वेळी आधीपासून उपाय करता येतो, आणि न सापडले तरी निदान पपईवरचा आळ जातो. ज्या मातेचा रक्तगट ऋण आहे तिला ७२ तासांच्या आत द्यावयाची एक सुई असते. शोकाच्या गडबडीत ती राहून जाऊ नये, एवढी आठवण जाता जाता करतो.

आता देवळाकडे वळू. बंधूंनो, ह्या बालकांच्या बाबतीत आपल्या लोकांस इस्पितळापेक्षा देवळाच्या दाराशी अधिक दुःख झालेले आहे. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बालकाचे काय होते, हा प्रश्न फार जुना. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन ह्यांनी त्याचे कठोर उत्तर दिले, जरी त्यांस होणारी शिक्षा सर्वांत सौम्य असे ते म्हणत. मध्ययुगीन पंडितांनी ते मऊ करून 'लिंबो' नामक एका सीमाप्रदेशाची कल्पना मांडली. ती कल्पना धर्मसिद्धान्त म्हणून कधीही जाहीर झाली नाही. परंतु लोकांनी ती तशीच धरली. १९१७ च्या धर्मनियमांत बाप्तिस्म्यावाचून गेलेल्यांस ख्रिस्ती दफन नव्हते. आयर्लंडात अशा बालकांसाठी 'किलीनी' नावाच्या जागा असत, जुन्या पडक्या गढ्यांत किंवा समुद्रकाठी, आणि बाप काळोखात पेटी घेऊन तेथे जाई. आपल्याकडेही कुंपणाबाहेरचे कोपरे वृद्ध माणसांस ठाऊक आहेत.

ते दिवस गेले आहेत, आणि हे पुष्कळांस अजून ठाऊक नाही म्हणून मुद्दाम सांगतो. १९६९ च्या दफनविधीच्या ग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वी वारलेल्या बालकाच्या दफनाची स्वतंत्र प्रार्थना आली. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ११८३ व्या कलमाने असे ठरविले की, आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा इरादा होता आणि बालक त्यापूर्वी वारले, तर बिशपसाहेबांच्या परवानगीने त्यास ख्रिस्ती दफन देता येते. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा बालकांस देवाच्या दयेच्या हाती सोपविले. आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय धर्मपंडित मंडळाने, पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांच्या संमतीने, त्यांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहे असे विस्ताराने लिहिले. 'माझे बाळ लिंबोत आहे का?' असे ऐंशी वर्षांची आजी जेव्हा आम्हांस विचारते, आणि त्या बालकास जाऊन साठ वर्षे झालेली असतात, तेव्हा हे साल आम्ही तिला सांगतो. ती सालाकडे लक्ष देत नाही. परंतु 'पोपसाहेबांनी सांगितले?' असे दोनदा विचारून खात्री करून घेते.

बाप्तिस्म्याविषयी एक खुलासा. जिवंत बालकाच्या प्राणास धोका असेल, तर कोणीही, परिचारिकेनेही, अन्यधर्मीय डॉक्टरनेही, योग्य हेतूने डोक्यावर पाणी घालून पवित्र त्रित्वाच्या नावाने बाप्तिस्मा देता येतो. पाद्रीसाहेब येईपर्यंत थांबू नये. मृत देहास मात्र संस्कार देता येत नाहीत, ते जिवंतांसाठी असतात. आईबाप विनवितात तेव्हा नाही म्हणणे फार जड जाते. अशा वेळी आम्ही नाव ठेवण्यास सांगतो, धर्मगुरूंस बोलावतो, आणि ते आईबापांस आशीर्वाद देतात, बालकास देवाच्या हाती सोपवितात. नुसत्या नकाराने आईबापांस परत पाठविणारा कोणीही असो, त्याने निम्मेच काम केले.

भेटीस जाणाऱ्यांस आमची एक विनंती आहे. 'अजून वय आहे, दुसरे होईल', 'बरे झाले, जीव लागण्यापूर्वी गेले', 'देवास फूल हवे होते' ही वाक्ये घरीच ठेवून जावे. दुसरे झाले तरी ते दुसरेच असते. 'मला फार वाईट वाटले' आणि 'बाळाचे नाव काय ठेवले?' इतके पुरते. भाकरी-कालवण घेऊन जावे, धुणे धुऊन यावे. आणि सहा महिन्यांनी पुन्हा जावे. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. जी बाई दोन आठवड्यांहून अधिक काळ झोपत नाही, खात नाही, किंवा 'मी पण जाते त्याच्याकडे' असे बोलते, तिला मात्र नुसत्या सांत्वनाने भागणार नाही, तिला डॉक्टरांकडे न्यावे. ह्यात लाज नाही.

आमच्याविषयीही एक वाक्य बोलू. अशा पाळीनंतर परिचारिका घरी जाते ती नेहमीसारखी जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच खोली तिलाच देऊ नये एवढे शहाणपण वरिष्ठांस असावे.

शेवटी एक काम मागून आम्ही खाली बसतो. बाळंतविडा करण्याची हौस आपल्या स्त्रीमंडळास आहे. बाजारात पुऱ्या दिवसांच्या बालकाची अंगडी-टोपरी मिळतात. अठ्ठावीस आठवड्यांच्या बालकाची मिळत नाहीत, आणि मग त्या बालकास इस्पितळाच्या फडक्यात गुंडाळून आईच्या हाती द्यावे लागते. असे बालक सुमारे एक किलोचे असते, डोक्याचा घेर सव्वीस सेंटिमीटरच्या आसपास. टोपरे त्या मापाचे विणावे. झबले जुन्या धुतलेल्या मलमलीचे, समोरून पूर्ण उघडणारे आणि नाड्यांनी बांधण्याचे असावे, डोक्यावरून घालावयाचे नको, कारण कातडी सोलते. गुंड्या नकोत. दुपटे हातभर चौरस. काही जोड ह्याहूनही लहान असू द्यावेत. रंग कोणताही चालेल. तयार झालेले जोड धुऊन, घडी करून, रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या कचेरीत आणून ठेवावेत, म्हणजे सोमवारच्या पाळीस आम्ही घेऊन जाऊ.